ओल तपासायला आलेले डोहेसाहेब

त्या मुलखात कुठलंही रान सलग दोन ऋतू फळत नसे. त्यामुळे तिथले रहिवासी चाकांवरच्या घरांत राहत आणि फळांमागे फिरत. घरं बांधत ती पाणमांजरं. प्रत्येक नव्या घराच्या दारावर ती शिक्का उमटवत. वर्षभरात आत पाणी शिरलं तर दुरुस्ती आमची, असा त्याचा अर्थ. मात्र मालकानं स्वतः एक फळी जरी हलवली, तरी शिक्का बाद.

सगुणा नावाच्या खारीनं असं कोरं घर घेतलं. सोबत तिचे म्हातारे सासरे होते. पहिल्याच मुक्कामी पाऊस लागला, छताच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं आणि सासऱ्यांचं अंथरूण भिजलं.

तिनं पाणमांजरांच्या कारखान्याला निरोप धाडला. तपासणीला डोहेसाहेब आले. ते बेडूक होते, स्वभावानं अगदी सभ्य. घरभर फिरून ते भिजक्या अंथरुणावर टेकले आणि त्यांचे डोळे सुखानं मिटले.

"ओल कुठाय, बाई?"

"तुम्ही बसलात तिथंच."

"इथं? इथं तर फार प्रसन्न वाटतंय."

ते खोटं बोलत नव्हते. दोष नाही, असं कळवून ते गेले. पुन्हा बोलावल्यावर आले, तेव्हा भिंतीवर बुरशी चढली होती. तिच्याकडे ते कौतुकानं बघत राहिले.

सासऱ्यांचा खोकला वाढला. बसल्या जागी धाप लागू लागली.

"मामंजी, मी फळी काढते."

"अगं, शिक्का जाईल."

"जाऊ दे."

फळीखालच्या सांध्यात राळ नव्हतीच. नुसती माती चोपडलेली होती, ती केव्हाच वाहून गेली होती. सगुणानं झाडावरची राळ खरवडून आणली, सांधा भरला, फळी उन्हात वाळवून परत बसवली. पुढचा पाऊस दोघांनी कोरड्या अंथरुणावर बसून ऐकला. सासऱ्यांनी त्या दिवशी जेवण मागून घेतलं.

मग फेरतपासणीला डोहेसाहेब पुन्हा आले. आत येऊन जरा वेळ झाला नाही, तोच त्यांची कातडी ताणली, गळा भराभर हलू लागला.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "या घरात भयंकर दोष आहे. इथं कुणी जगूच शकणार नाही." आणि दाराशी जाऊन त्यांनी शिक्का खरवडून टाकला.

 सगुणानं त्यांना धरून बाहेर नेलं आणि पाण्यानं भरलेल्या परातीत अलगद ठेवलं. डोहेसाहेब गळ्यापर्यंत बुडाले. त्यांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले, "याला म्हणतात घर."