रिकामे आळे

हिवरवाडीस महाराज आले ते शिवरात्र करून, आणि राहिले रामजन्मापर्यंत. गावाने त्यांच्यासाठी राममंदिराची ओवरी झाडून, सारवून ठेवली होती. पण महाराज ओवरीत सापडतील तर शपथ! ते असत कुणाच्या तरी परसात. कमरेला खुरपे खोचलेले, धोतराचा काचा मारलेला, आणि बसल्या बसल्या गवत काढणे चाललेले. त्यामुळे पंचक्रोशीत त्यांना सगळे खुरपेमहाराजच म्हणत. कुणी उपदेश मागायला गेले की महाराज म्हणायचे, “बैस. आधी एवढा वाफा साफ करू.” वाफा साफ होईपर्यंत पुष्कळांचे प्रश्न आपोआप मिटत, असे जुनी माणसे सांगतात.

फाल्गुनाचे दिवस होते. थंडी सरली होती आणि परसापरसांतून हात चालू होते. पाचोळा गोळा करायचा, मोगरा-जाईची छाटणी करायची, बुंध्याची माती हलवून शेणखत द्यायचे, वांग्यांवर होळीची राख उधळायची, दोडक्याचे बी लावायचे. आणि उन्हे तापायच्या आत प्रत्येक झाडाभोवती गोल आळे करून ठेवायचे, म्हणजे घातलेले पाणी इकडेतिकडे न पळता मुळांना पोचते.

ठकूबाई कोष्टीण याच गावची. नवरा मागावर बसे, ही सूत भरून देई. पोटी मूल नव्हते. पण रामजन्माला देवळात पाळणा हलला की गाणे ठकूबाईनेच म्हणायचे, ही गावची रीत होऊन बसली होती. तिचा गळाच तसा होता. तिच्या नशिबी वर्षातून एकदा हलणारा तेवढाच पाळणा! त्या एका दुपारसाठी ती वर्षभर जगे, असे म्हटले तरी चालेल.

तिच्या परसात एक बटमोगरा होता. त्या वर्षी त्याने फाल्गुनातच एक फूल दिले. ठकूबाईला कोण आनंद! तिने ते ओंजळीतून नेऊन रामरायाच्या पायांशी ठेवले, आणि तिथेच घात झाला.

देवळात म्हाळसाबाई देशमुख दर्शनाला आल्या होत्या. गावात त्यांची बाग मोठी, विहिरीवर मोट, हाताशी माळी. पाळण्याची फुले पिढ्यान्‌पिढ्या देशमुखांचीच. त्यांनी ते दुहेरी पाकळ्यांचे, टपोरे फूल पाहिले आणि पुजाऱ्याला विचारले, “हे कुणाचं?”

“ठकूबाईनं आणलं.”

“तिच्याकडे कुठून आला बटमोगरा? साऱ्या गावात तो आमच्या बागेशिवाय नाही!”

ठकूबाई तिथेच उभी होती. ती हात जोडून म्हणाली, “बाईसाब, तुमच्या कुपाणाबाहेर रस्त्याकडंला वाळकी काडी पडली हुती. मी उचलली आन् लावली. देवाच्यान्‌, दुसरं काय न्हाई.”

“वाळकी काडी जगते होय? मुळासकट उपटून नेलं असशील रातोरात. नावच ठकू, आणखी काय सांगायचं!” म्हाळसाबाई चार बायांकडे पाहून हसल्या. “आणि त्याला पाणी कसलं घालतेस गं?”

“भांड्याचं... तांदळाचं धुवान,” ठकूबाई पुटपुटली. गावची विहीर आटत आली होती, चांगले पाणी झाडाला घालायची सोय नव्हती.

“ऐकलंत? खरकट्या पाण्यावरचं फूल आणि देवाच्या पायांवर! यंदा चोराच्या तोंडचा पाळणा नको. मी सांगते, नको.”

देशमुखीणबाईंचा शब्द मोडणार कोण? त्याच दुपारी त्यांचा येसू माळी कुदळ घेऊन आला आणि ठकूबाईच्या परसातला मोगरा उपटून घेऊन गेला. मागे राहिला नुसता खड्डा. मोगरा गेल्याचे दुःख होतेच, पण पाळणा गेला याचे त्याहून मोठे. ठकूबाई पदर तोंडाला लावून महाराजांकडे धावली.

महाराज देवळामागे तुळशीच्या वाफ्यात बसले होते. दोनचार बायाही तिथे गवत काढत होत्या.

“म्हाराज,” ठकूबाई हुंदके देत म्हणाली, “माज्यावर आळ आला!”

महाराजांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, “आळं? मग करावं की. फाल्गुन सरत आला. ज्याची त्याची आळी करून झाली.”

बाया फिसकन हसल्या. महाराजांचे कान गेले, अशी त्यांची समजूत झाली.

“आळं न्हाई म्हाराज, आळ! चोरीचा आळ!”

“तेच सांगतोय, बाई. आळं चांगलं ऐसपैस कर. काठ मोडू देऊ नकोस. आणि घरात जे पाणी असेल ते रोज घालत जा.”

“पन झाड कुठं ऱ्हायलंय? त्यांनी उपटून न्येलं की!”

आता महाराजांनी वर पाहिले. त्या नजरेत काय होते कोण जाणे, पण ठकूबाईचे रडे जागीच थांबले.

“झाडाचं झाड बघेल,” महाराज म्हणाले. “तू आळ्याचं बघ.”

दुसरी कुणी असती तर हसण्यावारी नेती. पण ठकूबाई घरी गेली, खड्डा बुजवला आणि त्या मोकळ्या जागेभोवती मातीचे सुरेख गोल आळे केले. काठ हाताने थापून गुळगुळीत केला. मग भांडी घासली, आणि ते राखेचे पाणी त्या रिकाम्या आळ्यात ओतले.

झाले! गावाला करमणूक मिळाली. पाणवठ्यावर जाणाऱ्या बाया कुंपणावरून डोकावून विचारू लागल्या, “ठके, काय पेरलंस गं? आळ पेरलास का?” म्हाळसाबाई तर मुद्दाम वाट वाकडी करून येत आणि म्हणत, “काय गं, फुलं आली की नाही तुझ्या मातीला?” ठकूबाई खाली मान घालून पाणी ओतत राही. देवळात पाळणा म्हणायचा नव्हता, म्हणून पाणी ओतता ओतता तो तोंडातल्या तोंडात म्हणे. कधी कधी तिचाही धीर सुटे. नुसत्या मातीला पाणी घालून चोरीचा डाग कसा जायचा? पण महाराजांचा शब्द होता. एक गोष्ट मात्र तिला नवलाची वाटे. कितीही पाणी ओता, ते क्षणभरही आळ्यात ठरत नसे. कुणीतरी तहानेले खाली तोंड लावून बसावे, तसे ते ओढले जाई.

चैत्र लागला. ऊन मी म्हणू लागले. देशमुखांच्या विहिरीचा तळ दिसू लागला, मोटेत गाळ येऊ लागला. बागेतला मोगरा करपला, जाईने माना टाकल्या. रामनवमी उजाडली तेव्हा त्या एवढ्या बागेत पाळण्याला बांधायला एक कळी नव्हती! म्हाळसाबाईंचा जीव कासावीस झाला. सासूबाईंच्या हातून कधी चुकले नाही ते आपल्या हातून चुकणार, गाव काय म्हणेल?

तेवढ्यात येसू माळी धापा टाकीत आला. “बाईसाब, चला बिगीबिगी! कोपऱ्यातलं झाड बगा!”

कोपऱ्यात ठकूबाईचा उपटून आणलेला मोगरा होता. म्हाळसाबाईंनी पाहिले आणि त्यांचे पाय तिथेच थबकले. पान दिसत नव्हते, इतके ते झाड फुलले होते. सारी बाग वाळलेली, आणि त्यात हे एक पांढरेशुभ्र, घमघमणारे! खालचे आळे ओले होते.

“याला पाणी कोण घालतं?”

“कुनी न्हाई, बाईसाब. आनून आळ्यात खुपसलं, त्ये इसरूनच ग्येलो. म्हनलं, वाळून जाईल.”

दोघे बोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आळ्यात पाणी चढू लागले. आकाशात ढग नाही, जवळ पाट नाही, खालून जमिनीतून पाणी वर येत होते! म्हाळसाबाई खाली वाकल्या. पाणी राखेने करडे झाले होते. वर भाताची चार शिते तरंगत होती आणि एक कढीलिंबाचे पान गोल गोल फिरत होते.

खरकटे पाणी! त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या आणखी खाली वाकल्या, आणि भाविकहो, काय सांगावे! त्या आळ्यातून, मातीच्या पोटातून, बारीक आवाजात पाळणा ऐकू येत होता. तो गळा साऱ्या गावात एकाच बाईचा होता.

म्हाळसाबाई उठल्या त्या तशाच अनवाणी निघाल्या. मागच्या गल्लीने त्या ठकूबाईच्या कुंपणाशी आल्या. आत ठकूबाई पातेले तिरपे करून रिकाम्या आळ्यात पाणी ओतीत होती, आणि गात होती. तीच राख, तीच शिते. आळ्यात पडल्या पडल्या पाणी दिसेनासे होत होते.

ठकूबाईची नजर वर गेली. देशमुखीणबाईंना कुंपणाशी पाहून ती घाबरली आणि दोन्ही हात पसरून आळ्याच्या आड उभी राहिली.

“बाईसाब, आता काय न्येऊ नगा! आता नुसतं आळंच ऱ्हायलंय.”

परसातल्या शेवग्याखाली महाराज गवत काढीत बसले होते. ते केव्हा आले हे ठकूबाईलाही ठाऊक नव्हते.

“म्हाळसाबाई,” महाराज म्हणाले, “ती वाळकी काडी रस्त्यावर कुणी टाकली होती?”

एवढेच विचारले. आणि म्हाळसाबाईंना ती सकाळ लख्ख आठवली. मागल्या एका फाल्गुनातली छाटणी चालू होती, हातात कात्री होती, आणि त्यांनी स्वतःच मोगऱ्याची एक काडी कुंपणाबाहेर भिरकावली होती. “मेली आहे, कशाला ठेवायची,” हे त्यांचेच शब्द होते.

“मीच, महाराज,” त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. “माझ्याच हातानं टाकली. तिनं उचलली, जगवली, आणि मी तिला चोर म्हटलं.”

“मग हे इथं कशाला सांगता?” महाराज शांतपणे म्हणाले. “आळ घेतला कुठं? तिथं सांगा.”

दुपारी रामजन्माला देऊळ गच्च भरले. पाळण्याला फुले होती ती त्याच एका झाडाची. म्हाळसाबाई पाळण्यापाशी उभ्या राहिल्या. त्या बोलल्या ते शेवटच्या ओळीतल्या बायांनाही ऐकू गेला. “ठकूबाईवरचा आळ खोटा होता. तो मी घेतला. काडी मी टाकलेली, झाड तिचं आणि ही फुलं तिची.” मग त्यांनी पाळण्याची दोरी स्वतः ठकूबाईच्या हातात दिली. ठकूबाई गायली. त्या दिवशी गाताना ती दोनदा अडली, रडू आवरेना म्हणून. ऐकणाऱ्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

सुंठवडा घेऊन लोक पांगले तेव्हा म्हाळसाबाई ठकूबाईच्या परसात आल्या. हातात त्याच मोगऱ्याची हिरवी काडी होती. मागून आलेल्या बाया कुंपणाशी उभ्या राहिल्या. यांतल्याच कालपर्यंत हसत होत्या.

“झाड आता उन्हाचं हलवत नाही,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “ही काडी घे. ही टाकलेली नाही गं. दिलेली आहे.”

“तुमीच लावा, बाईसाब,” ठकूबाई म्हणाली.

देशमुखीणबाईंनी जन्मात प्रथमच माळ्याशिवाय मातीत हात घातले. रिकाम्या आळ्याच्या मधोमध त्यांनी काडी रोवली आणि म्हणाल्या, “पाणी दे.”

“भांड्याचंच हाय.”

“तेच दे.”

म्हाळसाबाईंनी ते पाणी ओतले. या वेळी ते ओढले गेले नाही. आळे काठोकाठ भरले, आणि त्यात भाताची शिते संथ तरंगत राहिली. म्हाळसाबाई महाराजांच्या पायांकडे वळल्या, तसे महाराजांनी पाय आखडून घेतले आणि खुरप्याने आळ्याकडे खूण केली.

“काठ मोडू देऊ नका हं,” ते म्हणाले.

मग म्हाळसाबाईंनी त्या आळ्याच्या ओल्या काठावर हळूच डोके टेकवले. उठल्या तेव्हा कुंकवाच्या वर राखेचा चिखल लागलेला होता. तो त्यांनी पुसला नाही, आणि तशाच भर वस्तीतून घरी गेल्या.