डोळे मिटून म्हणायचे शास्त्र

पूर्वी शालवती नगरीत राजा महासेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुलाचा आचार्य होता.

त्या कुलाची परीक्षा मोठी कडक. शिष्याने उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सारे वैद्यकशास्त्र तोंडपाठ म्हणायचे. डोळे उघडले की चूक धरली जाई. तीन चुका झाल्या की वळकटी बांधून घरची वाट धरायची. नियम बोधिसत्त्वानेच घातला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. राजाही या परीक्षेवर खूश होता. म्हणूनच त्याने कुलाला एक गाव लावून दिले होते, त्या गावच्या तांदळावर साठ शिष्य जेवत.

त्या वर्षी परीक्षेला राजाचा अमात्य येऊन बसला. वसुभूती नावाचा शिष्य सकाळी उभा राहिला तो दुपारपर्यंत न अडखळता म्हणत राहिला. मग मेघिल उठला. कोणी खोकले, त्याने डोळे उघडून पाहिले. कोणी लंगडत आत आले, पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा तर त्याने अमात्याच्या सुजलेल्या पायांकडेच टक लावली. झाले, सात वर्षे पाण्यात गेली. बिचारा मान खाली घालून वळकटी बांधू लागला.

एवढ्यात एक गवळण नवऱ्याला गाडीत घालून दारी आली.

"तीन दिस झाले, पोटात काही ठरत नाही. ताकाचा घोटसुद्धा उलटून पडतो," ती म्हणाली.

बोधिसत्त्वाने वसुभूतीला पुढे केले. त्याने सवयीने डोळे मिटले, वांतीचा अख्खा अध्याय म्हटला आणि शेवटी काढा सांगितला. एक अक्षर चुकले नाही. बोधिसत्त्वाने समाधानाने मान डोलावली. रोगी तेवढ्यात पुन्हा ओकला.

मेघिल वळकटी टाकून गाडीपाशी गेला. "माई, ताक ठेवता कशात?"

"मडकं फुटलं, म्हणून पितळेच्या कळशीत ठेवते. ही काय, वाटेत पाजायला आणलीय."

मेघिलने कळशीत डोकावले. ताकाला हिरवट झाक होती. "पितळेनं हे कळकलंय, माई. यानंच ओकताहेत ते. ओतून टाका."

संध्याकाळपर्यंत रोगी उठून बसला आणि त्याने पेज मागितली.

बोधिसत्त्वाला फार लाज वाटली. माणूस समोर ओकत असताना आपणही श्लोकच ऐकत बसलो होतो. त्याने सर्वांदेखत मेघिलला ठेवून घेतले आणि नियम मोडीत काढला.

अमात्य म्हणाला, "मग गाव परत जाईल, आचार्य. साठ जणांना काय घालाल?"

"भिक्षा मागू. पाठांतर राहील, पण कोणाची बुद्धी तेवढ्यावर मोजणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो गावोगाव हिंडू लागला, भिक्षेसाठी आणि वीस वर्षांत घरी धाडलेल्या शिष्यांना शोधण्यासाठीही. पहिला सापडला तो लाकडाच्या मोळ्या विकत होता. बोधिसत्त्वाने त्याला हात जोडले. "तू मठ्ठ नव्हतास. मीच चुकलो."

त्याने डोक्यावरची मोळी खाली ठेवली. मग म्हणाला, "एवढं घरात येऊन सांगाल का, आचार्य? मी सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही."

बोधिसत्त्व वाकून त्याच्या घरात शिरला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, गाथा पाठ होत नाहीत म्हणून तुम्ही ज्या नंदिलला हसता, तो त्या जन्मी मेघिल होता. हसणाऱ्यांत पुढे असलेला सोमदत्त तेव्हा वसुभूती होता. आणि तो आचार्य मीच." स्वतःची चूक ओळखून ती निस्तरायला जो दारोदार जातो, त्याच्या ठायी प्रज्ञा असते.