हात न लावलेला चहा

“…मग पाणी नेमकं किती गरम असावं, गुरुजी?”

तांग शौरेनने पुन्हा विचारलं.

वृद्ध भिक्षू हुआइखुंग मठाच्या ओट्यावर उन्हात पाय पसरून बसले होते. त्यांनी डोळे किलकिले केले.

“तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. तरी तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.”

“पिणार कोण?”

तांगने सोबत आणलेला उंची चहाचा डबा पुढे ठेवला…

आता हा तांग म्हणजे कोणी साधासुधा चहावाला नव्हे. दक्षिण चीनमधल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी पांढरा चहा होतो, आणि त्यातला सर्वांत उंची चहा तांगच्या अंगणात वाळायचा. वसंताच्या तोंडावर झाडाला पहिले कोंब फुटतात. पान उलगडायच्या आत तेवढेच खुडायचे. ना भाजायचे, ना मळायचे. बांबूच्या सुपांत एकेक कोंब सुटा पसरायचा आणि वाऱ्यावर, कोवळ्या उन्हात सुकू द्यायचा. सुकला की अंगावरची पांढरी लव चमकू लागते, म्हणून तिकडे त्याला रुपेरी सुया म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. मेख पुढेच आहे. सुकत असताना त्याला बोट लावायचं नाही. जिथं बोट लागेल तिथं कोंब तांबडा पडतो, आणि मग त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

तांगच्या सुपांत तांबडा कोंब कधी कोणाला दिसला नव्हता. याचा त्याला भारी ताठा होता. दुसऱ्याच्या सुपात एखादा सापडला, की तो गावभर सांगत सुटायचा. लोक त्याचा चहा वाखाणत आणि त्याच्या वाटेला जात नसत.

गेल्या वसंतात त्याची मुलगी तापाने गेली. आलान तिचं नाव. सहा-सात वर्षांची असेल. आई आधीच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच होती.

उद्या गावात थडगी झाडायचा सण होता. थोरांनी लेकराच्या थडग्यापुढे काही ठेवू नये, अशी तिकडची रीत. चुलत्यांनी त्याला समजावून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. तो आलानसाठी चहा नेणार होता, आणि त्या चहात तिळाएवढीही खोट राहू द्यायची नाही, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं. तिच्यासाठी करण्यासारखं त्याच्या हाती आता एवढंच उरलं होतं.

म्हणून तो डोंगर चढून आला होता. पांढरा चहा कसा प्यावा हे हुआइखुंगांइतकं कोणाला कळत नाही, असं सगळे म्हणत.

“माझ्यासमोर करून दाखव,” भिक्षू म्हणाले.

तांगने केला, आणि फार सुरेख केला. आधी काचेचा पेला गरम पाण्याने विसळला. पाण्याला उकळी फुटली तशी किटली उतरवली आणि वाफ मंदावेपर्यंत तो स्वस्थ बसून राहिला, कारण कढत पाण्याने कोवळा कोंब होरपळतो. मग पेल्याच्या कडेने बारीक धार सोडली. कोंब आधी तरंगले, मग हळूहळू उभे राहिले आणि सावकाश तळाला गेले. पाण्यावर फिकट पिवळी झाक आली. घाई करणाऱ्याला हा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी वाटतं. घोट जिभेवर थांबवावा लागतो, गिळल्यावर वाट पाहावी लागते, तेव्हा कुठे घशातून हलकी गोडी वर येते.

भिक्षूंनी घोट घेतला.

“गोड आहे,” ते म्हणाले. “तुला लागतो?”

“…नाही. ती गेल्यापासून कुठलाच लागत नाही.”

भिक्षूंनी मान हलवली. मग मघापासून ओट्यावरची धूळ चिवडणारं आपलं बोट त्यांनी सरळ पेल्यात बुडवलं आणि एक कोंब हलवून पाहिला.

“हात नको लावू!” तांग ओरडला.

आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. गुरूला अरेतुरे केल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. हे शब्द याच आवाजात त्याने याआधी एकदा उच्चारले होते.

भिक्षूंनी बोट काढलं नाही…

मग तांग बोलू लागला. अडखळत, मध्येच थांबत. गेल्या वसंतात सुपं अंगणात मांडलेली असताना आलान तिथे जाऊन बसली होती. मांजराच्या पिलाला कुरवाळावं तशी ती कोंबांच्या लवेवरून बोट फिरवत होती. झोपलेत का बघते, म्हणाली. तांग ओरडत धावला आणि त्याने तिच्या हातावर चापट मारली. जोराची नव्हती. पण तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि त्यानंतर ती सुपांजवळ फिरकली नाही.

थोड्याच दिवसांत ती तापाने फणफणली. तांग उशाशी बसून राहिला. तिचा हात हातात घ्यायला गेला, की ती तो पांघरुणाखाली ओढून घ्यायची. तापात तिला काही कळत होतं की नाही, कोण जाणे. बापाला मात्र कळत होतं.

“तिला वाटलं असेल, मी पुन्हा…”

त्याला पुढे बोलवेना. तो ओक्साबोक्शी रडला. एवढा कसबी माणूस, पण आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं.

भिक्षूंनी त्याची समजूत घातली नाही. त्याला रडू दिलं.

“ते तांबडे पडलेले कोंब कुठे आहेत?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

तांगने कमरेची पुरचुंडी काढून सोडली. त्या दिवशी त्याने ते रागारागाने निवडून केरात टाकले होते, आणि ती गेल्यावर त्याच केरातून वेचून काढले होते. मूठभरही नव्हते. टाकवत नव्हते आणि पिववतही नव्हते, म्हणून वर्षभर तो ते कमरेला बाळगून हिंडत होता. प्रत्येकावर एक बारीक तांबूस डाग होता.

भिक्षूंनी त्यांना हात लावला नाही. नुसते पाहिले. मग पेल्यातला तो सुरेख चहा त्यांनी ओट्याखालच्या गवतात ओतला, पेला पुसला आणि तांगच्या हातात दिला.

तांगने पुरचुंडीतल्या कोंबांकडे पाहिलं.

“हे नेऊ? हे तर बिघडलेले…”



ऊन ओट्यावरून उतरलं. तांगने पुरचुंडी बांधून पुन्हा कमरेला खोचली, पेला घेतला आणि उंची चहाचा डबा तिथेच ठेवून तो उठला. पायऱ्यांपाशी जाऊन थबकला. जी गोष्ट तो जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आला होता, ती आता त्याला खरोखरच ठाऊक नव्हती.

“गुरुजी… पाणी किती गरम घेऊ?”

“तिच्या बोटाला चटका बसणार नाही, इतकं.”