उंदरांना नेऊ कुठे?

उंदीर म्हटलं की तुम्हाला मोदक कुरतडणारा गोंडस मामा आठवतो ना? त्याला आधी विसरा बघू. या गोष्टीतले उंदीर काळे आहेत, लठ्ठ आहेत आणि त्यांनी एका तान्ह्या बाळाच्या पायाचा अंगठा कुरतडलाय. भीती वाटली? वाटू दे. आईला चिकटून बसा आणि ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे एक वाडी, पलीकडे दुसरी वाडी आणि मधे लाकडी साकव. अलीकडच्या वाडीतल्या अगदी शेवटच्या खोपटात झेलू राहायची, आईबरोबर आणि इवल्याशा भावाबरोबर. बाबा तापानं गेले होते. बाळानं तर त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. घरात एक चूल, एक फाटकी गोधडी, थोडी ज्वारी. बाकी सगळ्याची चणचण, उंदीर तेवढे मेले भरपूर!

अंगठा कुरतडला त्या रात्रीपासून आई झोपलीच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची आणि रात्रभर काठी घेऊन बाळाच्या उशाशी बसायची. डोळे लालभडक झाले, गाल आत गेले. एकदा भाकरी भाजता भाजताच तिचा डोळा लागला आणि हात तापल्या तव्यावर टेकला.

"काही नाही गं झेले, जरासं चटकलं," आई हसून म्हणाली.

झेलूला हसू आलं नाही. आई अशीच जागत राहिली तर आजारी पडेल. आई आजारी पडली तर बाळाचं कसं होणार? ती मागच्या दारी जाऊन मुसमुसून रडली.

घरात उंदराचा पिंजरा होता. पण उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, त्याला मारायचं नाही, असं दोन्ही वाड्यांत मानायचे. मग काय करायचं? पिंजऱ्यावर फडकं टाकायचं, साकव ओलांडायचा, पलीकडच्या वाडीत पिंजऱ्याचं दार उघडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. झेलूही तेच करायची. त्यातला एक थोराड उंदीर तिच्या चांगला लक्षात राहिला होता, कारण त्याची शेपटी अर्धीच होती. पण कितीही सोडले तरी घरातले उंदीर काही कमी होईनात.

एका संध्याकाळी रिकामा पिंजरा घेऊन ती ओढ्याकाठी मुसमुसत बसली. तिथे गुलबक्षी दाट माजली होती. ऊन उतरलं आणि फुलं एकेक करून उमलू लागली, राणी रंगाची, पिवळी, पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे उडालेली. एका फुलातून सोनेरी धूळ भुरभुरली आणि त्यातून एक परी बाहेर आली. नखाएवढं तोंड, चिमुकले पंख आणि आवाज इतका हळू की झेलूला कान जवळ न्यावा लागला.

"रडतेस का गं सोनुले?"

झेलूनं सगळं सांगितलं. बाळाचा अंगठा, आईचे डोळे, भाजलेला हात.

"नको असेल ते मी घेऊन जाते," परी म्हणाली. "पण एका माणसाला एकच मागणं. आणि माझ्यानं काही नाहीसं करता येत नाही. एकाकडचं दुसऱ्याकडे, कुठल्या तरी उंबऱ्याआत नेता येतं, एवढंच. उंदरांना नेऊ कुठे?"

"रानात ने की!"

"रानाला उंबरा कुठाय? घर सांग. त्या घराच्या उंबऱ्याला हात लावून ये. उद्या फुलं उमलतील तेव्हा मी इथेच आहे."

हात्तिच्या, एवढंच ना! झेलूला हायसं वाटलं. आजवर सगळे उंदीर पलीकडेच तर सोडले होते. आता कायमचे तिकडेच जाऊ देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती साकव ओलांडून गेली. पहिलंच घर भागूकाकीचं होतं. झेलूनं हळूच उंबऱ्याला हात लावला. तेवढ्यात आतून हाक आली, "कोण गं? ये ना आत, पोरी."

आत अंधार होता. बाजेवर काकीचे म्हातारे यजमान, तात्या, निजले होते. त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, एक बाजू पार लुळी पडली होती. लुळ्या पायाला चिंध्या बांधलेल्या, त्यातून रक्त पाझरलेलं.

"उंदीर कुरतडतात गं," भागूकाकी म्हणाली. तिचे डोळेही लालभडक होते. "ह्यांना त्या पायात काही कळतच नाही. मीच आपली काठी घेऊन बसते रात्रभर. एक तर असला माजलाय! अर्ध्या शेपटीचा आहे मेला. काठीला भीतसुद्धा नाही."

झेलूची मान खाली गेली आणि डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"काकी, तो मी सोडला होता."

काकीनं कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट केलं. त्याच्यावरही फडकं होतं.

"आणि मी काय करते, ठाऊक आहे? इथले नेऊन तुमच्या वाडीत सोडते. अगं बाई! तुमच्या बाळाला चावला तो माझाच असला तर?"

वर्षानुवर्षं सगळे तेच करत होते. उंदीर बिचारे नुसते साकवावरून ये-जा करत होते, तेही माणसांच्या हातून.

संध्याकाळी गुलबक्षी उमलली.

"नेऊ ना भागूकाकीकडे?" परीनं विचारलं.

झेलूच्या डोळ्यांपुढे बाळाचा इवलासा अंगठा आला, मग तात्यांच्या चिंध्या आल्या. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग ती म्हणाली, "उंदीर राहू देत. माझी झोप ने. अर्धी माझ्या आईला दे, अर्धी भागूकाकीला. मला खूप गाढ झोप लागते, दोघींना पुरेल. मी आमच्या घरी जागीन. काकी झोपेल तेवढा वेळ तिकडे तात्या काठी आपटतील, त्यांचा एक हात चांगला आहे."

परीचे पंख थरथरले. "वेडे, झोप गेली की स्वप्नंही जातात."

आता झेलू घाबरली. तिच्या स्वप्नात रोज बाबा यायचे. तिला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवायचे आणि गुळाची रेवडी द्यायचे. बाबा आता तेवढेच उरले होते तिच्याकडे.

"ने," ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. परीनं तिच्या पापण्यांवरून निळसर, चंदेरी असं काहीतरी अलगद उचललं. झेलूनं डोळे उघडले ते उघडेच राहिले.

त्या रात्री आई बसल्या जागी कलंडली आणि गाढ झोपली. झेलूनं तिच्या हातातली काठी काढून घेतली. तिकडे भागूकाकीही घोरायला लागली. झेलू एकटीच अंधारात बसून राहिली. बाळ चुळबुळलं की थोपटायचं, खसफस झाली की काठी आपटायची. आईनं अशा किती रात्री जागून काढल्या असतील, हे तिला आता कळलं आणि तिला फार वाईट वाटलं.

पण जागं राहिल्यामुळे तिला एक गोष्ट दिसली. उंदीर कुठून येतात ते! एक मोरीच्या भोकातून, एक कणगीमागच्या बिळातून, एक दाराखालच्या फटीतून.

सकाळी तिनं आईला त्या जागा दाखवल्या. आई कितीतरी दिवसांनी नीट झोपली होती, अंगात जोर आला होता. तिनं चिखल तुडवला.

"नुसता चिखल उकरतील गं मेले. काच पाहिजे," ती म्हणाली.

झेलू एक डबी घेऊन आली. डबीत हिरव्या काचांचे तुकडे होते. बाबा गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या फुटल्या होत्या, झेलूनं ते तुकडे वेचून ठेवले होते. आईनं डबीत पाहिलं. मग तिनं तुकडे मुठीत घेतले, चिखलात मिसळले आणि बिळांत गच्च ठासले. उन्हाची तिरीप आली तशी भिंतीत हिरव्या चांदण्या लुकलुकल्या.

भागूकाकीनंही फुटक्या बरण्यांच्या काचा घालून बिळं बुजवली. मग ती घरोघर जाऊन पिंजऱ्यांची ती गोष्ट सांगत सुटली. आधी सगळे खाली बघायला लागले आणि मग चिखल तुडवायला लागले. दाणे झाकले, उष्टं उघड्यावर टाकणं बंद केलं, मोऱ्यांना जाळ्या लावल्या. दोन्हीकडची दारं बंद झाली तसे उंदीर आपणहून डोंगराकडे निघून गेले. तिथल्या घुबडांचं आणि त्यांचं पुढे काय झालं, ते मला विचारू नका.

बाळाचा अंगठा बरा झाला. झेलू मात्र वाळत चालली. चेहरा पांढराफटक झाला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं."

एका संध्याकाळी आई म्हणाली, "झेले, हल्ली तुझे बाबा रोज स्वप्नात येतात. पण गंमत बघ, मला खांद्यावर बसवतात! रेवडी काय देतात, झेलुटले काय म्हणतात!"

तेवढ्यात भागूकाकी दारात आली. "अगं, माझंही तेच! या वयात कुणीतरी मला खांद्यावर घेऊन जत्रेत नाचवतंय!"

दोघी हसल्या. मग दोघींचं हसू एकदम थांबलं. त्या झेलूकडे वळल्या. ती भिंतीला टेकून टक्क डोळ्यांनी बघत होती.

"पोरी, हे स्वप्न कुणाचं आहे?" आईनं विचारलं.

झेलूनं सगळं सांगितलं. आईनं तिला उचललं आणि तशीच ओढ्याकडे पळत सुटली. मागून काकी धापा टाकत आली. गुलबक्षी उमलत होती.

"एका माणसाला एकच मागणं," परी हळूच म्हणाली. "काय नेऊ? कुठे नेऊ?"

"ही झोप आमची नाही," आई हुंदके देत म्हणाली. "माझ्या लेकीच्या डोळ्यांत ने."

"माझ्याकडचीही ने गं बाई, लवकर ने," काकी म्हणाली.

परी हसली. गुलबक्षीच्या ताटव्यात राणी, पिवळा, सोनेरी उजेड दाटून आला. तो झेलूच्या पापण्यांना लागला, साकवावरून पसरला, दोन्ही वाड्यांच्या कौलांवर क्षणभर चमकला आणि विझला. परी दिसेनाशी झाली, ती पुन्हा कुणालाच दिसली नाही.

झेलू आईच्या कडेवरच झोपून गेली होती, तोंड थोडंसं उघडं टाकून. आईनं तिला घरी आणून गोधडीत निजवलं आणि स्वतःही तिच्या शेजारी लवंडली. दुसऱ्या दिवशी पार दुपार झाली तरी झेलू उठली नाही. बाळ रडलं, काकी बोलली, भांडी वाजली, तरीही ती झोपलेलीच होती, आणि आईनं तिला उठवलं नाही.