पिटुकरावाचा नंबर

एक होता नाकतोडा. करंगळीएवढा. नाव पिटुकराव!

पिटुकराव रोज शाळेत जायचा. टुणुक टुणुक. शाळेत होता कॉम्प्युटर. एक जुना टीव्ही, काडेपेटीएवढी डबी आणि बटणांची फळी. झाला कॉम्प्युटर! एकच होता, म्हणून रोज एकाचा नंबर. बटण दाबलं की अक्षर बोलायचं, चित्र यायचं.

आज नंबर पिटुकरावाचा. पण टीव्ही काळाकुट्ट!

"ऊं ऊं! कॉम्प्युटरदादा, माझा नंबर येईना!"

"वीज नाही. छपरावरच्या सोलरताईनं दिली तर चालतो."

टुणुक टुणुक.
"सोलरताई, वीज दे.
कॉम्प्युटर चालेना,
माझा नंबर येईना!"

"अंगावर पापड रे! मावशीनं उचलले तर देते."

मावशी शाळेत खिचडी करायची. सोलरताईची छान तापलेली काच दिसली, घातले पापड वाळत! हुशारच की नाही?

टुणुक टुणुक.
"मावशी, पापड उचल.
सोलरताई वीज देईना,
कॉम्प्युटर चालेना,
माझा नंबर येईना!"

"ओले कसे उचलू, मेल्या? वाळले तर उचलते."

टुणुक टुणुक.
"पापडा, वाळ रे.
मावशी पापड उचलेना,
सोलरताई वीज देईना,
कॉम्प्युटर चालेना,
माझा नंबर येईना!"

"ऊन कुठाय? ढग सरकला तर वाळतो."

टुणुक टुणुक.
"ढगोबा, सरक ना.
पापड वाळेना,
मावशी पापड उचलेना,
सोलरताई वीज देईना,
कॉम्प्युटर चालेना,
माझा नंबर येईना!"

"मी जाडा. कुणी ढकललं तर सरकतो."

टुणुक टुणुक.
"पोरांनो, ढगाला ढकला.
ढग सरकेना,
पापड वाळेना,
मावशी पापड उचलेना,
सोलरताई वीज देईना,
कॉम्प्युटर चालेना,
माझा नंबर येईना!"

पोरांतली रेवती उठली. "चला रे! ह्याचा नंबर झाला नाही, तर उद्या माझा कसा येणार?"

सगळे अंगणात. फूऽऽऽ! बाईंनीही फुंकलं. फूऽऽऽ! बाईंचाच चष्मा उडाला.

"ही ही! गुदगुल्या!" ढग सरकला.
पापड वाळला. कुर्रर्र!
मावशीनं पापड उचलले.
सोलरताईनं वीज दिली.
कॉम्प्युटर चालला. टिंग!

पिटुकरावानं मारली उडी. टुणुक! थेट 'न'वर.

पोरं ओरडली, "न नळाचा!"

कॉम्प्युटर म्हणाला, "न नाकतोड्याचा!"

आणि टीव्हीभर आला नाकतोडा. हिरवागार, मिशीवाला, म्हशीएवढा!

"अय्या, हा तर आपला पिटुक!" सगळ्यांनी पाटीवर 'न' काढला. बंडूचा उलटा आला. पिटुकराव ऐटीत बघत बसला.

गोष्ट उडाली टुणुक, बसली तुमच्या कानात!