धुनीत जळालेली नावं

"पण महाराज, गोळी घेताना तुम्हाला कुणी पाहिलं तर?"

सुमेरगिरी महाराज तांब्या तोंडाला लावणार होते, तो तसाच हातात राहिला.

"पाहिलं तर काय होईल रे भुजंग?"

"लोक म्हणतील, ज्यांच्या अंगाऱ्यानं गावाचा ताप उतरतो, ते स्वतः डॉक्टरच्या गोळ्या खातात."

"खातो की."

"तसं नव्हे महाराज..."

"मग कसं?"

महाराजांनी गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं, आणि चिंचेवरच्या खारीकडे बघत बसले.

फार जुनी गोष्ट ही. बेलवाडीच्या टेकडीला तेव्हा रस्ता नव्हता, पायवाट होती. वर महादेवाचं लहानसं देऊळ, एक धुनी, पत्र्याची पडवी आणि चिंचेचं झाड. मठ म्हणायचा तो एवढाच. पण उन्हातून चढून येऊन त्या पडवीत नुसतं टेकलं, तरी माणसाचं अर्धं दुखणं खाली पायथ्याशी राहिल्यासारखं व्हायचं. कुणाला घाई नसायची. बोलणं संपलं तरी माणसं उठत नसत.

भुजंग मॅट्रिक होऊन, घरदार सोडून महाराजांपाशी आलेला. आवाज गोड, अक्षर देखणं, सेवेला वाघ. फक्त आपला गुरू चारचौघांसारखा माणूस आहे, हे काही त्याला सोसायचं नाही.

महाराजांना दोन आजार होते. एक साखरेचा, एक रक्तदाबाचा. तालुक्याच्या मुळे डॉक्टरांनी दोन्हींच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. साखरेची सकाळी खाण्याच्या तोंडावर, रक्तदाबाची दुपारी. महाराजांना अक्षरओळख नव्हती. औषधाचं सगळं भुजंगच्या हाती.

त्या दिवशी महाराज नदीवर गेल्यावर भुजंगनं एक काम केलं.

त्यानं दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या अंगठ्यानं दाबून बाहेर काढल्या आणि देवाजवळच्या पितळी डबीत, खडीसाखरेशेजारी ठेवून दिल्या. पाकिटं धुनीत टाकली. ती चकाकी आकसली, काळी पडली, संपली. तिच्यावर काय काय छापलं होतं, ते भुजंगनं वाचलंसुद्धा नाही.

आता कुणी पाहिलं तरी वाटावं, महाराज प्रसाद घेताहेत.

महाराजांनी डबी पाहिली.

"यातली कुठली कुठली रे?"

"एक जरा मोठी आहे महाराज. मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे ना... मग झालं."

पुढे श्रावण लागला. हवेत ओल आली. उघड्या गोळ्या त्या ओलीनं फुगल्या, त्यांच्या कडा झडल्या. मोठी कुठली आणि लहान कुठली, ते रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. भुजंग अंदाजानं देत राहिला. महाराजांना मधूनच दरदरून घाम यायचा, हात कापायचे. गुळाचा खडा तोंडात टाकून ते पडून राहायचे.

"काय होतंय महाराज?"

"काही नाही. बस जरा इथं."

भुजंग बसायचा. महाराजांची समाधी लागली असं त्याला वाटायचं.

श्रावणातला सोमवार होता. सकाळीच ठकूमाय वर आली. गावात एकटी राहणारी म्हातारी. मठाचं अंगण झाडणं हा तिनं आपणहून घेतलेला नेम, आणि भुजंगला टोचून बोलणं हा दुसरा.

"काय गोसावी, गंध वाळत घातलाय का कपाळावर? उठ, चटई उचल. खाली झाडू दे."

भुजंगनं चटई उचलली. मग तो महाराजांची गोळी काढायला देवापाशी गेला. डबी उघडली, तोच म्हातारी पाठीशी.

"काय हाय रं त्यात?"

भुजंग दचकला.

"प्रसाद."

"मग दे की."

"हा... महाराजांचा आहे माय."

"महाराजांचा म्हणून तर मागते. तुझा असता तर मागितला असता का?"

तिनं झाडू खाली ठेवला. हात पदराला पुसले. डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ पुढे केली.

भुजंग त्या हाताकडे बघत राहिला. खरं सांगावं, तर महाराजांचं दुखणं दुपारपर्यंत गावभर होणार. नाही म्हणावं, तर प्रसाद नाकारला असं होणार. आणि महाराजांना जे रोज चालतं, ते हिला काय बाधणार?

त्यानं एक गोळी तिच्या तळव्यावर ठेवली.

ठकूमायनं ती कपाळाला लावली आणि तीर्थाबरोबर गिळली.

"कडू लागतोय रं."

"साधूचा प्रसाद कडूच असतो माय."

असं वेळेवर सुचलं म्हणून भुजंग मनातून खूशही झाला.

दुपारी भजन रंगलं. पडवी भरून गेली होती. आणि मध्येच ठकूमाय डोलायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिचे हात थरथरायला लागले. लुगडं घामानं पाठीला चिकटलं. नजर कुठंतरी लांब गेली. गेलेल्या नवऱ्याला ती हाका मारायला लागली, "बैल सोडलं का? बैल सोडलं का?"

"माय आली!" कुणीतरी ओरडलं. "अंगात आलं ठकूमायच्या!"

ढोलकी तापली. बाया हळदीकुंकू घेऊन पुढे सरकल्या. एकीनं म्हातारीचे पाय धरले, "माय, काय चुकलं असंल तर सांग."

भुजंग टाळ हातात धरून उभा होता. टाळ वाजत नव्हता.

सबंध पडवीत त्याला एकट्याला सकाळ ठाऊक होती.

महाराज उठले. म्हातारीच्या कपाळाला हात लावला. घाम बघितला. बोटं धरून बघितली. आणि मान वळवून शिष्याकडे पाहिलं.

"भुजंग, ही देवी तुझ्या ओळखीची आहे का रे?"

ढोलकी थांबली.

भुजंग जवळ आला आणि महाराजांच्या कानाशी वाकला.

"कानात नको," महाराज म्हणाले. "लोक हिला कुंकू लावताहेत. लोकांना सांग."

"महाराज..."

"म्हातारीला वेळ नाही रे."

भुजंगचा तो गोड आवाज. त्या दिवशी तो कुणाला ओळखू आला नाही.

"तिला मी गोळी दिली. सकाळी. प्रसाद म्हणून... महाराजांच्या औषधाची."

चिंचेचा पाला हललेला ऐकू आला.

"महाराजांना कसलं औषध?" मागून एकानं विचारलं.

"साखरेच्या आजाराचं. आणि रक्तदाबाचं."

"यातलं हिला कुठलं दिलंस?" महाराजांनी विचारलं.

भुजंगनं मान हलवली.

"नाही ठाऊक. दोन्ही पांढऱ्या आहेत."

"हा घाम माझ्या ओळखीचा आहे," महाराज म्हणाले. "गूळ आणा. पाण्यात कालवा." मग म्हातारीचा चेहरा दोन्ही हातांत धरून, "ठकूमाय, इकडे बघ. गिळता येतंय का?"

"बैल सोडलं का?"

"सोडले. गिळ बघू."

तिनं गिळलं. घोट घोट करून वाटी संपली. हळूहळू नजर माघारी आली. तिनं आजूबाजूला बघितलं, कपाळाचं कुंकू बोटानं पुसून बघितलं.

"कुणाचं लगीन हाय रं?"

बाया रडता रडता हसल्या. भुजंगला मात्र रडूही येईना.

म्हातारीला झोळी करून खाली नेलं आणि पाटलांच्या ट्रॅक्टरमधून तालुक्याला. महाराज ट्रॉलीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या टोकाला भुजंग.

मुळे डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाकीट कुठंय?"

"धुनीत टाकलं," भुजंग म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "अरे, नाव मी तुला चिठ्ठी बघून आत्ता सांगीन. पण हिच्या पोटात त्या दोघींतली कुठली गेली, ते कोण सांगणार? गूळ दिलात म्हणून ही बोलतेय. म्हणजे साखरेचीच असणार. पण तिचा जोर लवकर ओसरत नाही. रात्री पुन्हा डोकं वर काढील. आज हलवायचं नाही हिला."

म्हातारीच्या शिरेत साखरेचं पाणी लावलं. मग डॉक्टर महाराजांकडे वळले.

"आणि तुम्ही तरी इतके दिवस कुठली घेत होता?"

"भुजंग देईल ती."

"काही त्रास?"

"त्रास कसला... हा म्हणायचा, समाधी लागली."

डॉक्टर हसले नाहीत. भुजंग उठून बाहेर गेला, भिंतीशी तोंड करून उभा राहिला.

रात्री ठकूमायला खरंच पुन्हा घाम फुटला. पण नर्स जवळ होती, डॉक्टर तयारीत होते. निभावलं. उजाडलं तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले. पायाशी भुजंग बसलेला.

"जागाच होतास व्हय रं?"

"हो माय."

"उपासाचं पोट माझं... आता काहीतरी खायला दे. कडू नको."

ती दोन दिवसांनी स्वतःच्या पायांनी टेकडी चढली. भुजंगनं आपलं वळकटीभर सामान बांधून ठेवलं होतं. महाराजांसमोर त्यानं डोकं टेकवलं.

"निघतो महाराज. मी इथं राहायच्या लायकीचा नाही."

"जा. पण तालुक्यापर्यंतच. माझ्या गोळ्या घेऊन ये. पाकिटासकट."

भुजंग गेला आणि आला.

दुपारी पडवीत माणसं होती, पण नेहमीपेक्षा थोडी. काहींचं मन विटलं होतं. गोळ्या खाणारा साधू कसला, असं खाली पारावर चाललेलं भुजंगच्या कानांवर आलं होतं. महाराजांनी दुपारच्या गोळीचं पाकीट सगळ्यांसमोर वर धरलं.

"वाच."

"इथं? महाराज, इंग्रजीत आहे..."

"तू वाच. आणि आम्हाला समजेल असं सांग."

भुजंग वाचू लागला. आधी गोळीचं नाव. मग खाली बारीक अक्षरांत, नावाच्या आत खरं औषध कुठलं आणि ते किती. कुठल्या महिन्यापर्यंत घ्यायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. ओल लागू द्यायची नाही. मुलांच्या हाती पडू द्यायची नाही.

"हळू वाच रं," ठकूमाय म्हणाली. "गाडी पकडायचीय का? आत काय असतं म्हणालास?"

भुजंगनं पुन्हा वाचलं. माणसांनी हात जोडून ऐकलं, आरती ऐकावी तसं.

मग महाराजांनी गोळी घेतली. सर्वांसमोर. पाणी प्यायले.

तेव्हा मागच्या बाजूला बसलेला लिंबाजी कुंभार चाचरत उठला. त्यानं कमरेच्या कनवटीतून एक चुरगळलेलं पाकीट काढलं.

"हे बी वाचता का?"

"तुझं आहे?" महाराजांनी विचारलं.

"माझंच. रक्तदाबाचं. पण... सोडून दिल्या होत्या मी."

"का रे?"

लिंबाजीनं मान खाली घातली. "म्हटलं, महाराज कुठं खातात?"

भुजंगच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

महाराजांनी ते उचलून त्याला परत दिलं. लिंबाजीला म्हणाले, "आज डॉक्टरकडे जा. सोडल्या होत्या ते सांग, लपवू नको. ते म्हणतील तशा घे."

मग एकेक पदर, एकेक पिशवी सुटत गेली. सुनेच्या नावाची सासू घेत होती. मुलाच्या तापाची उरलेली बाप घेत होता. एका पिशवीत तर दोन डॉक्टरांची दोन पाकिटं निघाली. नावं वेगळी, आतलं औषध एकच. ती बाई इमानानं दोन्ही घेत होती. भुजंगनं ते वाचलं तेव्हा तो स्वतःच चमकला. ज्याला जिथं शंका, त्याला महाराज डॉक्टरकडे धाडत.

पुढे कितीतरी वर्षं हा रिवाज चालला. आता त्या टेकडीवर डांबरी रस्ता गेलाय, पत्र्याची पडवी जाऊन सिमेंटचा सभामंडप झालाय. ठकूमाय नाही, लिंबाजी नाही. पण बेलवाडीची म्हातारी माणसं अजून दुकानदारानं गोळी कापून दिली, तर उरलेल्या पाकिटावरचं नाव विचारल्याशिवाय उठत नाहीत. चष्मा नसला, तर शाळेच्या पोराला थांबवून वाचायला लावतात. पोरं कंटाळतात. म्हातारी माणसं उन्हात उभी राहून ऐकून घेतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ती दुपार येते... चिंचेची सावली, तांब्यातलं गार पाणी, आणि एका तरुण गोसाव्याचा सावकाश चाललेला आवाज.

भुजंगलाही एकदा कंटाळा आला होता. रिवाज सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. रोज तेच पाकीट, तीच अक्षरं, तीच माणसं.

"महाराज..."

"काय रे?"

"हे आता सगळ्यांना पाठ झालंय. मलाही झालंय. न बघता म्हणून दाखवतो. आज ही दुपार मला पोथीला द्या ना. माझा आवाज पोथीचा आहे, सगळे म्हणतात."

"आहेच."

"मग?"

महाराजांनी पाकीट उजेडाकडे तिरपं धरलं आणि त्याच्या हाती दिलं.

"पोथीत शब्द चुकला, तर देव सांभाळून घेतो रे... बघून वाच."