परतीचे टेकाड

मोहरवंडात शिरण्याआधी उजव्या हाताला दोन टेकाडे लागतात. मोठ्याला आम्ही पांढर म्हणतो. माणसे एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरे पडली, पडल्या घरांवर पुन्हा घरे उठली, चुलीतली राख आणि गोठ्यातले शेण साचत गेले, की अशी पांढरट मातीची टेकडी होते. ज्यांनी ती केली ते आमचे कुणी लागत नाहीत. ते आमच्या फार आधीचे.

शेजारी आहे ते धाकटे टेकाड, माणसाच्या छातीइतके. त्याच्यावर कुणी कधी राहिलेले नाही. त्यातही खापरे आहेत, मणी आहेत, जळके धान्य आहे, पण कशाचा कशाशी मेळ नाही. त्याला परतीचे टेकाड म्हणतात. चढायला हरकत नाही. पायातले काढायची गरज नाही, वर देव नाही. फक्त काही उचलू नका.

ते कसे झाले, हे आमच्याकडे असे सांगतात.

तेव्हा घरे पांढरीच्याच मातीने सारवत. ती माती मऊ, भिंतीला धरून राहते. शेतातही टाकत, कारण पीक जोमाने येते. ज्याला हवी त्याने न्यावी. तिथून माती नेणे म्हणजे नदीतून पाणी नेण्यासारखेच वाटे. त्यामुळे पांढरीची एक बाजू खचत खचत उभ्या कड्यासारखी झाली होती. एका सालात पिके फारच हलकी आली. तेव्हाचे पाटील कोंडाजी. पाडव्याला सगळ्यांनी नव्या सालासाठी घरे सारवली आणि त्यानंतर पाटलांनी गाव बोलावून सांगितले, की यंदा अख्खी पांढर फोडायची आणि शेतात पसरायची. गाव खूश झाले. बायकांनी पाट्या घेतल्या, पुरुषांनी टिकाव घेतले.

त्या बायकांत ठकू होती.

ठकूचे तान्हे मूल त्या सरल्या सालात, श्रावणात, तापाने गेले होते. लहान मुलांना पुरतात, तसे ओढ्याच्या काठाला पुरले होते. भादव्यात ओढ्याला पाणी आले आणि त्याने तेवढा काठ कापून नेला. दुसऱ्या दिवशी ठकू गेली तर तिथे नुसते पाणी वाहत होते. ती काही बोलली नाही. तेव्हापासून ती रडलीही नाही, असे सांगतात. तिला मिठाची चव कळेना, उन्हाचा चटका कळेना. पाणी आण म्हटले तर आणायची. आणल्यावर हंडा उतरव म्हणेपर्यंत डोक्यावर घेऊन उभी राहायची. सासू तिला कामाला लावत असे, कारण बसवून ठेवली तर ती बसूनच राहील याची तिला भीती होती.

पांढर फोडायला लागले. ठकूचा दीर खंडू कड्याखाली टिकाव मारत होता आणि ठकू पाट्या वाहत होती. टिकाव कशाला तरी लागला आणि पोकळ वाजला. माती सारली तर दोन रांजण निघाले, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले.

"धन!" खंडू ओरडला.

"आरं हळू बोल की," शेजारचा म्हणाला. "पाटलाच्या कानावर गेलं तर तुझ्या वाट्याला झाकण येईल."

"झाकण कुठंय ह्याला? तोंडाला तोंड लावलंय."

"मग तेबी नाही."

बायका हसल्या. तोवर पाटील आलेच. रांजण उचलून वर काठावर ठेवले आणि वेगळे केले. आत बोटाएवढी हाडे होती. एक वाटी होती, लहान मुलाला दूध पाजायला घेतो तेवढी.

कुणी हसेना. मग खंडूच म्हणाला, "कुणाचं तरी पोर दिसतंय."

"जुनं आहे," पाटील म्हणाले. "ठेवा बाजूला. हात चालवा."

रांजण निघाले तिथे मातीत त्यांची गोलाई उमटलेली होती. भोवती चोपून केलेली जमीन होती, आणि हाताच्या अंतरावर चूल. तिची राख अजून करडी होती. ठकूने पाटी खाली ठेवली. ती त्या गोलाईत उतरली आणि बसली.

"ठके, ऊठ," खंडू म्हणाला. "टिकाव लागंल."

ती उठली नाही. सासू आली, तिने दंड धरून ओढले, तरी उठली नाही. पाटील चिडले. माती न्यायच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

"ऊठ गं. काय आहे तिथं?"

ठकूने पदर पुढे ओढला. कितीतरी महिन्यांनी ती बोलली म्हणे.

"चुलीपाशी ठेवलंय, पाटील. घरात. ह्या पोराच्या आईला ठावं होतं कुठं ठेवलंय ते. परत ठेवा."

"त्या पोराच्या आईला जाऊन किती पिढ्या झाल्या. तिला काय कळतंय आता?"

"मी हाय की इथं."

पाटलांनी गाड्या दुसऱ्या बाजूला वळवल्या. ठकू बसलेली राहिली आणि काम चालू राहिले. ती किती दिवस बसली, यावर गावात एकमत नाही. सासू भाकरी आणून देई, ती खाई. ऊन वाढले की सासू तिच्यावर गोणपाट धरून उभी राही. तिकडे पांढरीची दुसरी बाजू गाडीगाडीने शेतात चालली होती.

मग भिंती ओल्या होऊ लागल्या.

पाडव्याला सारवलेल्या, खणखणीत वाळलेल्या भिंती. वैशाखातले ऊन, ढगाचे नाव नाही, आणि भिंतीला हात लावला की हात ओला होई. आधी एका घरी, मग आळीभर. टेकून ठेवलेल्या कणग्यांना बुरा आला. पांढरीची माती खारट असते, खारट माती ओल धरते, हेही खरे आहे. मी दोन्ही सांगतो. पण आमच्याकडे सांगतात ते असे, की ठकूची सासू पाटलांच्या ओसरीवर गेली, त्यांच्या भिंतीला तळहात लावला आणि तो ओला हात त्यांच्यापुढे धरला.

"माझ्या पोरीनं एक टिपूस काढला नाही, पाटील. आता तुमच्या भिंती काढायला लागल्या."

पाटील उठले. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला. मग गाड्यांचे बैल सोडायला सांगितले, आणि नेली तेवढी माती परत आणायला.

गावाने भिंती खरवडल्या. शेतात पसरलेली जेवढी गोळा करता आली तेवढी माती गोळा केली आणि पाट्या भरून पांढरीवर परत आणली. ठकू बसल्या जागेवरून प्रत्येकाला विचारी, "ही कुठली?"

"ह्या अंगाची असंल."

"असंल नको. कुठली?"

कुणालाच सांगता येईना. कुणाची माती कड्याखालची होती, कुणाची माथ्यावरची. त्यात आलेला मणी कुठल्या घरातला, जळके धान्य कुठल्या कणगीतले, खापर कुठल्या चुलीपाशी पडले होते, काही कळायला मार्ग नव्हता. खोदताना कुणी पाहिलेच नव्हते. सगळ्यांनी नेले होते आणि सगळ्यांनी परत आणले होते, पण ठेवायचे कुठे हे कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी पाटील म्हणाले, "बाजूला टाका." पाट्या बाजूला रिकाम्या होत गेल्या. तेच हे टेकाड.

मग काठावरचे रांजण आणले. त्यांना जागा होती, कारण जागेवर माणूस बसले होते. ठकू उठली. पाय आखडले होते, म्हणून सासूने धरले. ठकूने हाडे आणि वाटी आत ठेवली, तोंडाला तोंड लावले आणि रांजण त्या गोलाईत टेकवले. ते नीट बसले. खंडूने माती लोटली.

ती तेव्हा तरी रडली का, असे पाहुणे विचारतात. नाही, असेच सांगतात. सासू म्हणाली, "चल, भाकरी टाकायच्या राहिल्यात." ती गेली. तिला पुढे मूल झाले की नाही, तिला चव परत आली की नाही, हे गावाला ठाऊक नाही. तिने एवढेच सांगून ठेवले म्हणे, की कुणाला काही दिसले तर उचलू नये. तिथेच बसावे, आणि लोकांना बोलवावे. एकट्याने बघितलेले हरवते.

त्यानंतर पांढरीला कुणी टिकाव लावला नाही. सारवायची माती आम्ही नदीपलीकडून आणतो. ती इतकी चांगली बसत नाही, दरसाल पोपडे निघतात.

आणि आजही आमच्या शिवारात नांगराला खापर लागले, पावसाने एखादी चूल उघडी पडली, की ज्याला दिसते तो बैल थांबवून तिथेच खाली बसतो. आता ट्रॅक्टर थांबवतो. गावात विचारतात, "कोण बसलंय? कुठं?" आणि माणसे निघतात. म्हाताऱ्या बायका, पोरे, शाळेतले गुरुजी. ती जागा सगळ्यांनी बघायची. कुठल्या बांधापासून किती, वर काय होते, खाली काय आहे, हे एकमेकांना मोठ्याने सांगायचे, आणि वर परत माती लोटायची. मागे रस्त्याचे काम आले तेव्हा आमच्या गावची चिंधाबाई वाघुले कालव्याच्या अंगाला अशी बसली. मशीन तिच्यापुढे सुरूच होते. चालवणारा बाहेरगावचा. तो खाली उतरला आणि तिला म्हणाला, "मावशी, उठा, मला पुढं जायचंय."

तोवर गाव आले होते. ते तिच्याभोवती उभे राहिले. कुणी त्याला रागावले नाही. त्याला फक्त सांगितले, की बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.